कूलरसमोरची जागा

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न सांगता तळाशी साचायच्या. एक, हर्षदाची पिवळी पावडर. आणि दुसरी, किस्से. पावडर निदान गाळून काढता यायची. किस्से तसेच पडून राहायचे आणि कुणी जरा हलवलं की वर यायचे!

परवा धुळ्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एका नव्या सरांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही रिसर्चला जळगावात होतात ना? करायचात काय तिथे?"

मी म्हटलं, "जे विरघळत नाही ते विरघळवत बसायचो."

बिचारे चहा ढवळायचे थांबले. मग त्यांना एक किस्सा सांगितला, त्यातून दुसरा निघाला, आणि बोलता बोलता तास बुडाला. तास माझाच होता, त्यामुळे पोरं खूश!

आधी माणसं सांगते, मोजकीच आहेत. भंगाळे सर आमचे गाइड. आवाज असा की त्यांनी कॉरिडॉरमध्ये हाक मारली तर पलीकडचे फिजिक्सवालेही "येस सर" म्हणायचे. हर्षदा बऱ्हाटे बोदवडची, रोज रेल्वेने यायची, घरी केळी आणि कापूस. कैलास पवार पिंपळनेरचा, त्याच्या तोंडात अहिराणी आणि खिशात शेंगदाणे. आणि मी धुळ्याची, म्हणजे जळगावकरांच्या मते अर्धी परदेशी.

कामही सांगून टाकते, घाबरू नका. काही रेणूंना पाणी सोसत नाही. पाण्यात टाकले की ते एकमेकांना शोधत सुटतात. बहुतेक वेळा नुसता गोळा होतो, गचका! पण नशीब असेल तर ते शिस्तीत एकावर एक बसतात आणि त्यांचे धागे होतात, फिती होतात. कुणी हाताने रचत नाही, आपले आपणच.

हर्षदा नवीन आली तेव्हा सरांनी तिला विचारलं, "केळीच्या घडात फण्या कोण रचतं?"

"कुणीच नाही सर."

"तरी ओळीत असतात ना? सगळी केळी एकाच बाजूला वळलेली? तसंच हे."

हर्षदाने बोटं वाकवून घड करून पाहिला. मग म्हणाली, "पण सर, एखादं केळं उलटं का नाही वळत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते सापडलं की मला सांग. तोपर्यंत तुझी अ‍ॅडमिशन पक्की!"

*

आमच्या धंद्यातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'रूम टेम्परेचर'. परदेशातल्या पेपरात सरळ लिहिलेलं असतं, की मिश्रण रूम टेम्परेचरला ठेवा, सुंदर घट्ट जेल तयार होईल. आम्ही ठेवायचो. मे महिना, जळगाव! जेल कसलं होतंय, होतं तेही पातळ व्हायचं. इथरची बाटली उघडली तर न तापवताच आतून बुडबुडे यायला लागायचे.

एकदा कैलास हातात पेपर घेऊन सरांसमोर उभा राहिला. "सर, हाई कोना रूमनं टेम्परेचर शे?"

सर म्हणाले, "ज्यांच्याकडे रूम आहे त्यांचं. आपल्याकडे भट्टी आहे."

त्याच वर्षी आमचा एक पेपर तपासणीला गेला होता. तिकडून विचारणा आली, 'रूम टेम्परेचर नेमकं किती ते लिहावे.' सरांनी इमानदारीत लिहिलं, त्रेचाळीस. लगेच उलट विचारणा आली, 'आकडे चुकून उलटे तर पडले नाहीत ना?'

सरांचं उत्तर मी स्वतः टाइप केलंय. 'आकडा बरोबर आहे. तो सकाळी अकराचा आहे. दुपारचा हवा असल्यास कळवावे.'

पेपर छापून आला!

*

हर्षदाची पावडर मात्र कशातच विरघळेना. आम्ही कपाटातली प्रत्येक बाटली वापरून पाहिली. पाण्यात टाका, अल्कोहोलमध्ये टाका, ती आपली तळाशी जाऊन मांडी घालून बसायची. तिची आई, म्हणजे अक्का, रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायच्या. "जेवली का" वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न:

"विरघयलं का व तुह्यं?"

हर्षदा म्हणायची, "नाही गं." मग जेवणाची चौकशी व्हायची.

हे इतकं चाललं की सगळ्या लॅबला सवय लागली. फोन वाजला की कैलास लांबूनच ओरडायचा, "अक्का, आज बी नही!"

आणि मग एक दिवस विरघळलं. टीएचएफ म्हणून एक उग्र वासाचं द्रव असतं, ते गरम करून त्यात घातलं आणि पावडर गायब! काचेत नुसतं स्वच्छ, पिवळं, उन्हासारखं पाणी. हर्षदाने अक्कांचा फोन यायची वाट पाहिली नाही, स्वतः लावला आणि स्पीकरवर टाकला.

"माय, विरघळलं!"

"ओ माय! बरं झालं व! मंग आता काय?"

"आता ते परत बाहेर काढायचं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग अक्का म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं विरघयवलं कायले?"

सरांनी हा प्रश्न पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मुलाखतीत विचारला.

*

जेल झालं की नाही हे पाहायची आमची पद्धत अगदी गावठी आहे. बाटली उलटी करायची. पडलं नाही तर जेल, पडलं तर फरशी पुसा. कैलासचं सगळं कामच जेलवर, त्यामुळे त्याच्या हाताला उलटं करायची खोड लागली होती. कॅन्टीनमध्ये खीर आली तरी वाटी तिरकी करून बघायचा.

एकदा हर्षदाने आम्हाला बोदवडला भरीत खायला बोलावलं. थंडीचे दिवस, शेतातली हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली. अक्कांनी सगळ्यांच्या पुढ्यात दह्याच्या वाट्या ठेवल्या. कैलासने वाटी उचलली आणि सवयीने सरळ उलटी धरली!

दही पडलं नाही.

"पास!" कैलास खुशीत म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे आहोत.

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. "का रे भो, मह्या दह्यावर भरोसा नव्हता का?"

कैलासचा चेहरा एवढासा झाला. अक्कांनी भरताची अख्खी परात त्याच्यासमोर सरकवली. "घे, आता हे बी उलटं करून पाय."

त्या दिवशी कैलासने भरीत किती खाल्लं हे मी लिहीत नाही. पण नाही म्हणायची सोय नव्हती!

*

आता कूलर. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आमच्या लॅबला एकच कूलर. पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, आत वाळ्याच्या ताट्या आणि खाली पाण्याची टाकी. ती बादलीने भरावी लागे. सुरू झाला की घाटात चढणाऱ्या एसटीसारखा घुरघुरायचा. एप्रिल ते जून त्याच्या थेट वाऱ्यात एकच टेबल यायचं. तिथे कुणी बसायचं यावरून पूर्वी म्हणे हातघाईवर यायचे लोक. मग सरांनी नियम केला: ज्याचा आठवडा सगळ्यात वाईट चाललाय, कूलरसमोरची जागा त्याची.

झालं! दर सोमवारी आमच्याकडे दुःखांची स्पर्धा.

कैलास म्हणायचा, "मन्हा नंबर सर! मन्हं काचनं कॉलम फुटनं, मन्हा पेपर परत उना!"

सर म्हणायचे, "पेपर परत यायला आधी तो पाठवावा लागतो."

एका सोमवारी सर स्वतः आले, म्हणाले, "आज मला लागोपाठ मीटिंगा आहेत," आणि फाइल घेऊन तिथे बसले. दुःख खरं होतं.

त्या मे महिन्यात मात्र स्पर्धा झालीच नाही. हर्षदाची फेलोशिप संपत आली होती. विरघळवलेली पावडर परत बाहेर यायची ती गोळा होऊनच. धागा नाही, फीत नाही, पिवळा चिखल! आम्ही न बोलता तिचं सामान उचलून कूलरसमोर नेऊन ठेवलं. तिने उरलेलं द्रावण एका उथळ काचेच्या बशीत ओतलं, तिथेच सोडलं आणि आमच्यासोबत चहाला आली.

परत आलो तर बशीत मक्याच्या कणसाचे केस!

खरंच तसे. बारीक, सोनेरी, लांबच लांब धागे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक धागा म्हणजे एक फीत आणि सगळ्या फितींना एकाच बाजूचा पीळ. एकही उलटी नाही. हर्षदाने पाहिलं, मग मी, मग कैलासने. सरांनी पाहिलं आणि डोळा काढेचनात. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, आम्हाला बशीभोवती उभं केलं आणि फोटो घेतला.

हर्षदा रडत होती. फोटोत ती हसताना दिसते, पण रडत होती.

*

असले धागे नीट बघायचे तर मोठा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागते. नमुना म्हणजे काय, तर मसुरीच्या डाळीएवढा काळा चकचकीत तुकडा, त्यावर वाळवलेला एक थेंब. न्यायचा कशात? धक्का लागता कामा नये, धूळ बसता कामा नये.

जळगाव म्हणजे सोन्याची पेठ, तिथल्या मुलीला असला प्रश्न पडत नाही. हर्षदाने कानातल्यांची लाल मखमली डबी आणली, कानातले काढून घरी ठेवले आणि तुकडा अलगद त्या खाचेत बसवला.

गाडीत मी सोबत होते. हर्षदा डबी दोन्ही हातात धरून बसलेली, दर स्टेशनला उघडून बघायची. समोरच्या मावशी जळगावपासून पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"बघू तरी, काय केलंस ते."

हर्षदाने डबी पुढे केली. मावशींनी वाकून पाहिलं. काळा ठिपका! त्यांनी हर्षदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम मऊ केला.

"असू दे गं. लग्नानंतर घेतील मोठं."

*

फोटो अप्रतिम आले. पण पेपर परत आला. तपासणाऱ्यांचं एकच म्हणणं होतं: पुन्हा करून दाखवा.

आणि पुन्हा होईना.

तीच पावडर, तेच टीएचएफ, तीच बशी. पावसाळ्यात केलं तर गचका. दिवाळीनंतर केलं तर बशीला नुसती कोरडी पापडी धरायची. सरांनी एक दिवस हर्षदाला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "हर्षदा, एकदा झालं तर तो किस्सा. पुन्हा झालं तर ते सायन्स. प्रबंधात मला किस्सा घालता येणार नाही." ते प्रकरण गेलं असतं तर प्रबंधात उरलं काय असतं? न विरघळणाऱ्या पावडरीचा इतिहास! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तीही फेलोशिपशिवाय. हे ती जाणून होती आणि आम्हीही.

मग आम्ही तो मे महिन्यातला दिवस उकरायला घेतला. कुणी काय केलं होतं? हर्षदाने त्या दिवसाचा ड्रेस पुन्हा घातला. मी म्हटलं, तेव्हा बशी माझ्या हातून टेबलाला आपटली होती. म्हणून आपटून पाहिली. शेवटी कैलासला आठवलं.

"सर, त्या दिन मी शिंकनू व्हतू! बशीवरच!"

हसू नका. स्फटिक तयार व्हायला कधीकधी धुळीचा एक कणसुद्धा पुरतो, हे आम्ही सगळे शिकलो होतो. त्यामुळे चार शिकलीसवरली माणसं गंभीर चेहऱ्याने बसली आणि कैलासच्या शिंकेची वाट पाहू लागली. येईना! सरांनी त्याला उन्हाकडे बघायला लावलं. मी नाकात कागदाची सुरळी घालून पाहिली. मग बाजारातून तपकीर आणली.

कैलास शिंकायला लागला तो थांबेचना. बशीत काही झालं नाही. फिजिक्सचे सर मात्र दारात येऊन विचारून गेले, "कुणाला गॅस लागलाय का?"

*

मध्येच कैलासचं लग्न झालं, पिंपळनेरला. आम्ही सगळे गेलो. मांडव तुडुंब भरलेला, आणि आमच्या ओळखीचा एकटा नवरदेव, तो घोड्यावर! सुरुवातीला आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी आत शिरलो होतो. थोड्या वेळाने पाहते तर सर, हर्षदा आणि मी, तिघं एकाच भिंतीला पाठ लावून, एका ओळीत, खांद्याला खांदा भिडवून उभे. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

सरांचे डोळे चमकले. "बघा! नेमकं हेच! आपण या गर्दीत विरघळत नाही, म्हणून एकमेकांना शोधून रांग लावली!"

तेवढ्यात कैलासचे काका आले. "ओ सर, तठे भितीले चिटकी काय उभा शेतस? चला नाचाले!" आणि त्यांनी सरांचा हात धरून त्यांना सरळ बँडच्या पुढ्यात ओढलं.

सर विरघळले. इतके विरघळले की परत बाहेर काढता येईनात. शेवटी बँडवाले थकले, सर नाही!

*

डिसेंबरात एक दिवस हर्षदा कपाटासमोर नुसती उभी होती. कपाटावर सरांनी काढलेला तो बशीभोवतीचा फोटो चिकटवला होता. मला वाटलं, बिचारी जुने दिवस आठवतेय. तर ती म्हणाली, "माझी ओढणी का उडतेय?"

मी जवळ जाऊन फोटोत पाहिलं. खरंच. ओढणी आडवी, झेंड्यासारखी. माझे केस डावीकडे. कैलासचे होते नव्हते तेवढे, तेही डावीकडे. आमच्या लॅबमध्ये पंखा कधी लावत नाहीत, पावडर उडते म्हणून.

तिघांनी एकदम मान वळवली. खिडकीत कूलर होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. उन्हाळा संपला की त्याचं आमच्याकडे कपाट व्हायचं, वर काचेच्या सामानाची खोकी.

हर्षदाला कोडं उभ्याउभ्या सुटलं. मे महिन्यातली हवा कोरडीठाक, पण कूलरचा वारा दमट. तो दमटपणा बशीतल्या टीएचएफमध्ये हळूहळू उतरला. पावसाळ्यात हवेतच पाणी फार, रेणू घाबरून एकमेकांवर कोसळतात, म्हणून गचका. थंडीत पाणी येतच नाही. "हळूहळू आलं तरच त्यांना रांग लावायला सवड मिळते," ती म्हणाली, आणि खोकी उतरवायलाच लागली.

ताट्यांमधला वाळा उंदरांनी खाल्ला होता. मी आणि कैलास बाजारात गेलो. दुकानदार कान झाकून शेकोटीला बसलेला. वाळा मागितल्यावर त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या आठवड्यात आम्ही स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून कूलरसमोर बसलो. धागे आले. दुसऱ्या दिवशीही आले. सरांनी बादली घेतली आणि टाकी स्वतः भरली.

*

आता शेवटचा.

वर्षभरात हर्षदाचा प्रबंध लिहून झाला आणि बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. समुद्राकाठच्या एका शहरातले मोठे प्राध्यापक, देशपांडे सर म्हणू या. त्यांचा निरोप आला: 'बाकी सर्व उत्तम. कूलर पटला नाही. तोंडी परीक्षेला येईन तेव्हा डोळ्यांदेखत करून दाखवावे. अन्यथा ते प्रकरण काढून प्रबंध पुन्हा सादर करावा.'

तारीख पडली जानेवारीतली. जळगाव म्हणजे उकाडा, एवढंच त्यांना ठाऊक. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सुती शर्ट घालून आले! सकाळी तोंडातून वाफ निघत होती. लॅबमध्ये भंगाळे सर, मी, नवा कोट घातलेला कैलास आणि कोपऱ्यात अक्का. त्या मुद्दाम बोदवडहून आल्या होत्या, हातात पेढ्यांचा पुडा, पण पिशवीच्या आत लपवलेला.

हर्षदाने बशी ठेवली. कूलर सुरू केला.

देशपांडे सरांचे दात वाजायला लागले. पाहुण्यांना द्यायची शाल आणि नारळ टेबलावर तयार होते, परीक्षेनंतरच्या सत्कारासाठी. भंगाळे सरांनी क्षणभर विचार केला आणि सत्कार आधीच उरकून टाकला. टाळ्यासुद्धा वाजवल्या. देशपांडे सर शाल गळ्यापर्यंत ओढून नारळ मांडीवर घेऊन बसले.

बशीत काही नाही. चहा आला, गार झाला. काही नाही.

"बऱ्हाटे," देशपांडे सर म्हणाले, "थांबू या का? अशानं मी आजारी पडेन."

"थोडं थांबा सर. प्लीज."

आणि तेवढ्यात कूलर घरघरला, आचके दिले आणि बंद पडला.

"लाइट गयी!" कैलास म्हणाला.

कुणी कुणाकडे बघेना. अर्धी झालेली बशी, आत अजून पिवळं पाणी. वारा थांबला तर पापडी धरणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भंगाळे सरांचा तो सगळ्या इमारतीला ऐकू जाणारा आवाज, तोही गेला होता.

हर्षदा उठली. कूलरची एक ओली ताटी तिने ओढून काढली आणि कैलासच्या हातात दिली. "बशीच्या मागे धर. हलवू नकोस." मग इकडेतिकडे पाहिलं. वारा घालायला काही सापडेना. टेबलावर प्रबंधाच्या प्रती होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या. तिने एक मला दिली. एक भंगाळे सरांना. तिसरी देशपांडे सरांच्या पुढे धरली.

"सर, ताटीच्या मागून. हळू. एकसारखा."

देशपांडे सरांनी नारळ खाली ठेवला. शाल कमरेला खोचली. आणि तिघं मिळून आम्ही हर्षदाच्या प्रबंधाने त्या ओल्या ताटीतून वारा घालायला लागलो. ताटीतून गार पाणी कैलासच्या नव्या कोटावर ठिबकत होतं आणि तो पुतळ्यासारखा उभा होता. शिंकसुद्धा दाबून धरली होती त्याने, दिसत होतं.

आधी एक धागा आला. मग बाजूने दुसरा. मग बशीभर.

आमचा जुना सूक्ष्मदर्शक आरशाचा आहे, त्याला वीज लागत नाही. हर्षदाने खिडकीतलं ऊन आरशावर घेतलं आणि बाजूला झाली. देशपांडे सर वाकले. खूप वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले, तिच्याकडे वळले.

"डॉक्टर बऱ्हाटे," ते म्हणाले, "पुन्हा करा."

कोपऱ्यातून अक्का पुढे आल्या. त्यांनी टेबलावरची प्रबंधाची प्रत उचलली, पदराने वरचं पाणी पुसलं आणि देशपांडे सरांच्या हातात दिली.

"मंग तुमी वारा घाला साहेब. पोरगी करते."